डिस्क १०० टक्के कामात, वेग मात्र ६

शंकेखोर : तुमची अडचण अशी आहे, की साध्या तक्रारीत तुम्हाला कोडं दिसतं. लग्नाचं शूटिंग करणारा एखादा स्टुडिओ घ्या. मंगलाष्टकांना चार कॅमेरे लावलेले, चारही कॅमेऱ्यांच्या लांबलचक फाइल एकाच पोर्टेबल हार्ड डिस्कवर. एडिटिंगला बसून मल्टिकॅम, म्हणजे चारही चित्रं एकदम, चालू केलं, की चित्र अडखळतं, आवाज पुढे पळतो आणि थोड्या वेळाने सॉफ्टवेअर लटकतं. उपाय शाळकरी पोरगंही सांगेल : एसएसडी घ्या. तुम्ही मात्र म्हणणार, थांबा, आधी मोजू या. मोजामोजीत दोन दिवस जाणार आणि शेवटी एसएसडीच विकत घेतली जाणार. निकाल आधीच ठाऊक असलेला तपास करायचा कशाला? ऐन मुहूर्तांच्या दिवसांत त्या माणसाचे दोन दिवस एसएसडीपेक्षा महाग असतात.

शोधक : निकाल ठाऊक आहे म्हणता, तर आधी एवढा हिशोब करून दाखवा. त्या कॅमेऱ्यांचं फोर-के फूटेज सेकंदाला १०० मेगाबिटचं धरू. म्हणजे एका कॅमेऱ्याला सेकंदाला साडेबारा एमबी लागतात, चौघांना मिळून ५०. आणि हीच डिस्क, हीच फाइल दुसरीकडे कॉपी करताना सेकंदाला १२० एमबी देते. गरज निम्म्याहून कमी असताना ती का अडखळते? डिस्क मुळातच मंद असती, तर कॉपी करतानाही मंद असती. आता मल्टिकॅम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. डिस्क १०० टक्के कामात दिसते आणि तिच्याच खाली वाचनाचा वेग सेकंदाला ६-७ एमबी. दोन्ही आकडे खरे आहेत. पूर्णवेळ राबणारी वस्तू आपल्या ताकदीच्या विसाव्या हिश्श्याइतकंच काम करते, यात तुम्हाला कोडं दिसत नसेल तर मला तुमचंच नवल वाटतं.

या कोड्याला यांत्रिक उत्तर आहे. त्या डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी आहे. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी साडेपाच. हेड एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर न्यायला आणखी साधारण १२-१३. म्हणजे प्रत्येक उडी १८ मिलिसेकंदांची. आता धरून चाला, की सॉफ्टवेअर एका वेळी १२८ केबीचा तुकडा मागतं. लिनक्समध्ये पुढचं आगाऊ वाचून ठेवण्याची मूळ मर्यादाही एवढीच असते. तेवढं वाचायला लागतो एक मिलिसेकंद. पहिल्या कॅमेऱ्याचा तुकडा वाचला, उडी. दुसऱ्याचा वाचला, उडी. १९ मिलिसेकंदांतले १८ नुसत्या प्रवासात. वेग निघतो सेकंदाला साडेसहा एमबी. तलाठी कार्यालयातल्या शिपायाला चार दप्तरं आणायला न सांगता चारही दप्तरांतलं एकेक पान आळीपाळीने मागत राहावं, तसं हे चाललेलं असतं. तो दिवसभर धावतो आणि समोर पाच-पंचवीस कागद जमतात.

शंकेखोर : शिपाई पटला. पण तुम्ही जे दाखवलंत ते गणित आहे, निदान नाही. खऱ्या मशीनसमोर बसलं की आकडे इतके सरळ बोलत नाहीत. साधी गोष्ट घ्या : तो एडिटर तेच दोन मिनिटांचं दृश्य पुन्हा चालवून बघतो आणि दुसऱ्या वेळी ते लोण्यासारखं चालतं. का? कारण पहिल्या वेळी वाचलेलं सगळं ऑपरेटिंग सिस्टिमने रॅममध्ये ठेवून दिलेलं असतं. दुसऱ्या वेळी डिस्कला कोणी विचारलंच नाही. दोन वेळांच्या मध्ये त्याने केबल बदलली असेल, तर तो शपथेवर सांगेल की केबलचाच दोष होता. खिडकी उघडली असेल तर खिडकीचा. अशी कितीतरी ‘निदानं’ मी ऐकली आहेत : रिस्टार्ट केल्यावर सुटलं, अँटिव्हायरस काढल्यावर सुटलं, ड्राइव्हचं नाव बदलल्यावर सुटलं.

आणि ते वेग मोजण्याचे तयार प्रोग्राम! क्रिस्टलडिस्कमार्क घ्या. एक सलग मोठी फाइल किती वेगाने वाचली, हे तो सांगतो; चार केबीचे विखुरलेले तुकडे किती वेगाने वाचले, हेही सांगतो. पहिल्यात तुमची डिस्क १२० दाखवणार, दुसऱ्यात एकच्या आसपास. चार सलग फाइल एकाच वेळी, ही त्या स्टुडिओची खरी गरज. ती या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि तिच्यासाठी तिथे रकानाच नाही. मग माणूस कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवणार? दुकानदार १२० वर बोट ठेवतो, तक्रार करणारा १ वर.

शोधक : रॅममधल्या त्या साठ्याचं, म्हणजे कॅशेचं म्हणाल, तर ती टाळता येते. मशीन नव्याने चालू करून पहिल्याच वाचनाचा वेळ घ्यायचा, नाहीतर रॅमपेक्षा मोठी फाइल वाचायची. लिनक्सवर तर कॅशे रिकामी करण्याची सोयच आहे. ज्याला हे माहीत नाही त्याने मोजू नये, हे मला मान्य आहे. पण त्यावरून मोजणंच फोल कसं ठरतं? उलट काही आकडे इतके ओळखीचे असतात, की नुसत्या आकड्यावरून कारण सांगता येतं. सलग वाचताना ३५ ते ४० एमबीवर वेग अगदी स्थिर बसला, की समजावं डिस्क यूएसबी २ च्या पोर्टमध्ये किंवा तसल्या जुन्या केबलवर लागलेली आहे. ११० च्या आसपास अडकला आणि डिस्क नेटवर्कवर असेल, तर ती गिगाबिट लॅनची मर्यादा. ५५० ला अडला तर साटा जोडणीची. या तिन्ही ठिकाणी वेग सपाट रेषेत राहतो, कारण नळीच तेवढी रुंद असते. याउलट वेग खाली आणि डिस्कची व्यग्रता १०० टक्के असेल, तर हेड नाचतंय. वेगही खाली, डिस्कही निवांत आणि तरी चित्र अडखळतंय, तर डिस्कला बोल लावूच नका. तिथे प्रोसेसर दमलाय. कॅमेऱ्यांचं फूटेज दाबून भरलेलं असतं. बहुतेक फ्रेम आसपासच्या फ्रेमवर टेकलेल्या असतात, आणि चार-चार फोर-के प्रवाह एकदम उलगडताना बरीच मशीन गुडघे टेकतात. तिथे एसएसडी घेतलीत तर पैसे पाण्यात. तुमच्या शाळकरी पोराला हे कुठे ठाऊक असतं?

शंकेखोर : आणि हे ओळखायचं कसं? तीच फाइल एसएसडीवर टाकून बघायची, हाच ना सगळ्यात सोपा मार्ग?

शोधक : हो, पण एखाद्याकडून तासभर मागून आणायची. विकत घेऊन प्रयोग करायचा नाही.

(या जागी शंकेखोराने थोडं लवकर सोडून दिलं असं मला वाटतं. व्यग्रतेचा तो १०० चा आकडा पोर्टेबल हार्ड डिस्कवर बोलका असतो, पण एसएसडी किंवा अनेक डिस्कच्या संचावर तो फसवतो. त्या एका वेळी अनेक कामं हाताळतात आणि ‘सतत काहीतरी चालू होतं’ एवढंच तो आकडा सांगतो. आणखी किती पेललं असतं हे सांगत नाही.)

शंकेखोर : बरं, माझा खरा आक्षेप पुढचा आहे. तुमच्या यादीत एक कारण मुद्दाम मागे राहिलंय : डिस्क मरायला टेकली आहे. एखादा भाग खराब होऊ लागला, की डिस्क तिथलं वाचन पुन्हा पुन्हा करून बघते. घरगुती डिस्क एका जागेसाठी कितीतरी सेकंद अशी झुंजत राहू शकते आणि तेवढा वेळ सगळं ठप्प. वापरणाऱ्याला दिसतं काय? ‘आजकाल डिस्क स्लो झालीय.’ आता अशा डिस्कवर तुम्ही मोजमापं सुरू केलीत. सगळा पृष्ठभाग वाचून बघितला, डीफ्रॅग लावला, रात्रभर चाचणी चालवली. सकाळी डिस्क ओळखूच येत नाही. कोणाच्या तरी लग्नाची एकमेव प्रत तुमच्या जिज्ञासेपायी गेली. तुमचं मोजणं निरुपद्रवी असतं, तर मी एवढा भांडलो नसतो. इथे तपास रोग्याच्या जिवावर उठतो.

शोधक : हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. म्हणूनच क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी डिस्कचा स्मार्ट अहवाल बघायचा. त्यासाठी डिस्कवर काहीच ताण पडत नाही; तिने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद फक्त वाचायची असते. बदलून टाकलेले सेक्टर किती, वाचता न आल्याने प्रलंबित ठेवलेले किती, केबलमधल्या चुका किती. प्रलंबितांचा आकडा शून्याच्या वर दिसला की वेगाचा विषय तिथेच संपला. आधी प्रत काढायची, तीही महत्त्वाच्या फाइलपासून. आणखी एक खूण आहे : हेड नाचल्यामुळे आलेली मंदी चारातले तीन कॅमेरे बंद केले की पळते, खराब सेक्टरची मंदी त्याच फाइलच्या त्याच मिनिटाला, एकटा कॅमेरा असला तरी येते.

तुम्ही डीफ्रॅगचं नाव काढलंत म्हणून सांगतो. जवळजवळ भरलेल्या डिस्कवर नव्या मोठ्या फाइलला सलग जागा मिळत नाही, ती तुकड्यातुकड्यांत बसते. शिवाय डिस्क बाहेरच्या कडेपासून भरत आत जाते आणि आतल्या पट्ट्यांची लांबी कमी; तिथला वेग बाहेरच्या निम्म्यावर येतो. म्हणून ‘नवीन होती तेव्हा पळायची’ ही तक्रार बऱ्याचदा खरीच असते आणि त्यात डिस्क बिघडलेली नसते. डिस्कचा शेवटचा दहावा-विसावा हिस्सा रिकामा ठेवा, एवढं साधं पथ्यही फार थोडे पाळतात.

शंकेखोर : पथ्यं, खुणा, क्रम. वैद्यकी मोठी होत चालली आहे. आणि ज्या अवयवासाठी ही वैद्यकी आहे, तो अवयवच नामशेष होत चाललाय. तुम्ही मघाशी १८ मिलिसेकंदांची उडी सांगितलीत. एसएसडीत उडी मारायला काही हलतच नाही; कुठलाही तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत हातात येतो. चार फाइल असोत की चाळीस, तिला फरक पडत नाही. तुमचं गणित मी खोटं म्हणत नाही. ते कालबाह्य आहे. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर कसा पेटवावा, यावर तुम्ही माझ्याशी मोठ्या प्रेमाने वाद घालताय.

शोधक : कालबाह्य कशाला म्हणायचं ते आधी ठरवू. पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली आणली, रॅमॅक या यंत्रासोबत. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या आणि त्यांत मावायची ५० लाख अक्षरं, आजच्या हिशोबाने पावणेचार एमबी. हवी ती जागा गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागायचे. आज २० टीबीची डिस्क मिळते. क्षमता ५० लाखांहून अधिक पटींनी वाढली. आणि जागा गाठण्याचा वेळ? ६०० वरून दहा-बारा मिलिसेकंदांवर, म्हणजे पन्नास-साठ पट. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची पहिली डिस्क १९९२ ची. आजही टेबलावरच्या डिस्कचा आकडा बहुधा तोच असतो. साठवण्याची ताकद धावत सुटली आणि शोधण्याची ताकद मागे राहिली, ही विषमता या रोगाची जननी आहे. २००६ मध्ये डेटाबेसवाले जिम ग्रे सांगत होते, की डिस्कची आता टेप झाली आहे : तिला सलग वाचा, उड्या मारायला लावू नका.

आणि एसएसडीचं म्हणाल, तर स्टुडिओत पाच तासांचं फूटेज चार कॅमेऱ्यांवर आलं, की ९०० जीबी झाले. एका लग्नाचे. गिऱ्हाईक तीन वर्षांनी फोन करून विचारतं, ‘आजीचा तो शॉट आहे का हो?’ सगळ्या जुन्या लग्नांसाठी एसएसडी घेणारा स्टुडिओ मला अजून दिसायचाय. टीबीमागे ती हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी महाग पडते. चालू काम एसएसडीवर आणि जुनं हार्ड डिस्कवर, अशीच वाटणी होते. मग तबकडी मेली कुठे? तिच्यावर आपण जुनी लग्नं ठेवून दिली आहेत, एवढंच.

शंकेखोर : पण जुन्या लग्नातून एक शॉट काढायला चार फाइल एकदम वाचाव्या लागत नाहीत. तुमचा तो रोग चालू कामाचा होता आणि चालू काम एसएसडीवर गेलं. मग तो बरा झाला, एवढं तरी कबूल करा.

शोधक : त्या एका टेबलावर बरा झाला, कबूल. आता पुढच्या वर्षी स्टुडिओ वाढतो. तीन एडिटर बसतात, फूटेज एकाच सामाईक नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीवर जातं, त्यात हार्ड डिस्कच. तीन माणसं, प्रत्येकी चार कॅमेरे, बारा प्रवाह. गरज सेकंदाला १५० एमबीची आणि गिगाबिट नेटवर्क देणार ११०. इथे नुसती नळीच पुरत नाही. नळी बदलली, दहा गिगाबिटची केली, की पुन्हा तेच नाचणारं हेड समोर येतं, या वेळी बारा दप्तरं घेऊन. तुमचा उपाय त्या टेबलापुरता लागू पडला, कारण तिथे अडचण कशाची होती हे न विचारताच तो लावला होता. ते विचारलं असतं, तर नॅस घेतानाच काय होणार हे कळलं असतं.

आता मला ज्याचं खरं कुतूहल आहे त्याकडे येतो. मघाच्या गणितात फक्त एक आकडा बदलून बघा. सॉफ्टवेअरने एका वेळी १२८ केबीऐवजी दोन एमबी मागितले, तर वाचायला १७ मिलिसेकंद आणि उडीला १८. वेग ५७ वर जातो. चार कॅमेरे काठावर का होईना, पण चालतात. आठ एमबी मागितले, तर वेग ९४. तीच डिस्क, तीच केबल, तोच एडिटर. चार कॅमेऱ्यांसाठी मिळून ३२ एमबी रॅम लागेल, आणि आज एवढी रॅम ब्राउझरची एक टॅबसुद्धा खाते. मग मागत का नाहीत?

शंकेखोर : कारण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या टेबलावर भारी एसएसडी असते. त्याला कधी अडखळलेलं दिसतच नाही.

शोधक : आणि हे तुम्ही मला सांगताय! मघापासून मी तेच म्हणतोय. डिस्क किती वेगवान, हा प्रश्नच अपुरा आहे. कोण, किती ठिकाणांहून, एका वेळी केवढा तुकडा मागतंय, यावर वेग ठरतो. टाइमलाइनवर पुढची दहा मिनिटं कुठल्या फाइलमधून काय लागणार, हे एडिटिंग सॉफ्टवेअरला पक्कं ठाऊक असतं. ऑपरेटिंग सिस्टिमला ते माहीत नसतं, ती अंदाज बांधते. डिस्कला तर फाइल म्हणजे काय हेही कळत नाही. ज्याला माहीत आहे तो सांगत नाही, आणि ज्यांना माहीत नाही ते तर्क करत बसतात.

त्या तर्काचीही मोठी गमतीची कथा आहे. २००१ मध्ये राइस विद्यापीठातल्या सीताराम अय्यर आणि पीटर ड्रुशेल यांनी एक निबंध मांडला. प्रोग्राम एक तुकडा वाचतो, क्षणभर त्यावर काम करतो आणि मग लगेच शेजारचा तुकडा मागतो. पण त्या क्षणभरात त्याची मागणी रांगेत नसते, म्हणून सिस्टिमला वाटतं त्याचं काम झालं, आणि ती हेड उचलून दुसऱ्या फाइलकडे पाठवते. हेड पोचतं न पोचतं तोच पहिला म्हणतो, पुढचं द्या. या फसव्या रिकामपणावर त्यांनी काय सुचवलं? काही करू नका. दुसऱ्याचं काम समोर पडलेलं असलं, तरी काही मिलिसेकंद नुसते थांबा, पहिला परत मागतोय का बघा. डिस्क मुद्दाम रिकामी ठेवली, की एकूण काम जास्त होतं. लिनक्सने हे घेतलं आणि काही वर्षं तीच मूळ पद्धत होती.

शंकेखोर : होती. पुढे लिनक्सने ती काढून टाकली, हेही सांगा ना. २०१० मध्ये २.६.३३ या आवृत्तीत ती गेली, आणि तिच्या जागी आलेली, थोडं तसंच थांबणारी पद्धत २०१९ मध्ये ५.० मध्ये गेली. एसएसडीवर असं थांबणं म्हणजे निव्वळ तोटा. तिथे हेडच नाही तर कोणाची वाट बघायची? जे शहाणपण काल औषध होतं, ते आज अपथ्य झालं. मला तुमच्या तपासाबद्दल जी धास्ती वाटते ती हीच. तुम्ही खोलात जाऊन जे शिकता, ते वस्तूच्या एका पिढीला चिकटलेलं असतं. पुढच्या पिढीत तेच ज्ञान उलटं काम करतं आणि ज्ञानी माणसाला ते सगळ्यात शेवटी कळतं. मी कितीतरी जाणत्यांना एसएसडी डीफ्रॅग करताना पाहिलंय.

शोधक : डीफ्रॅग करणाऱ्याने उपाय पाठ केला होता, कारण पाठ केलं नव्हतं. उड्या महाग आहेत म्हणून तुकडे एकत्र आणायचे, हे ज्याला माहीत आहे, तो उड्या फुकट झाल्यावर आपोआप थांबतो. आठ एमबी मागा, हा माझा सल्लाही असाच एक दिवस शिळा होईल. पण मागणारा आणि देणारा यांच्यात माहिती कुठे अडली, हा प्रश्न नॅसवर आहे, क्लाउडवर तर आहेच. तिथे एका फेरीला हार्ड डिस्कच्या उडीहून जास्त वेळ लागू शकतो.

शंकेखोर : तुम्ही प्रश्न एवढा मोठा केलात, की आता तो त्या स्टुडिओवाल्याचा उरलाच नाही. सॉफ्टवेअर किती मोठा तुकडा मागतं, हे त्याच्या हातात नाही. त्याला एवढंच करता येतं : चारही फाइलच्या प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, रात्रभर बनवून ठेवायच्या, नाहीतर दोन कॅमेरे एका डिस्कवर, दोन दुसरीवर टाकायचे, नाहीतर माझं ऐकायचं. यातल्या कशालाही सीताराम अय्यर लागत नाहीत.

शोधक : दोन डिस्कवर वाटायचं हे सुचायला मात्र हेड एका वेळी एकाच जागी असतं हे माहीत असावं लागतं. आणि कॅमेऱ्यांची चार कार्डं एकाच वेळी एकाच डिस्कवर ओतू नयेत, एकामागून एक ओतावीत, म्हणजे एकूण वेळ कमी लागतो, हेही त्यातूनच येतं. हे त्याच्या हातातलं आहे. रोजचं आहे.

शंकेखोर : ठीक. मग असं करू : रविवारी डिलिव्हरी आहे, तर शुक्रवारी एसएसडी आणू. तुमचा स्मार्ट अहवाल आणि ते व्यग्रतेचे आकडे सोमवारी काढू, काम सुटल्यावर.

शोधक : सोमवारी काही अडखळत नसेल. मोजणार काय?

शंकेखोर : मग तुम्हीच सांगा, ज्याचं काम अडलेलं आहे त्याच्याकडे मोजायला वेळ नाही आणि ज्याचं सुटलं त्याच्याकडे मोजायला काही उरलेलं नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हे कळवणार कोण?

शोधक : शुक्रवारी एसएसडी लावण्याआधी पंधरा मिनिटं मला द्या. आधी अहवाल, मग एक कॅमेरा, दोन कॅमेरे, चार कॅमेरे. प्रत्येक वेळी वेग आणि व्यग्रता लिहून ठेवतो.

शंकेखोर : दहा देतो. आणि डिस्कवर त्या लग्नाची एकमेव प्रत असेल, तर एकही नाही.